तळघरातला सात नंबर

मी तळघरातला इंटरकॉम बोलतोय. आवाज खरखरतोय ना? जन्मापासूनच तसा आहे.

दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या कारखान्याच्या तळघरात, सामानाच्या खोलीत, मी बावीस वर्षं भिंतीला लटकलोय. माझा नंबर सात. मला सांभाळणारे स्टोअरकीपर. सगळे त्यांना काका म्हणतात. वरून कुणी चाकं मागितली, स्क्रू मागितले की मी वाजायचो. कारखाना माझ्यामुळेच चालतो, अशी माझी पक्की समजूत. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्यालाही तसंच वाटतं म्हणे.

खरं तर मी कामात कच्चाच. एकदा वेल्डरने साठ चाकं मागितली, मी काकांना आठ ऐकवली. तो तावातावाने खाली आला, आणि चहा पिऊन, वडिलांच्या गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगून तासाभराने वर गेला.

मग सगळ्यांच्या मोबाइलवर ग्रुप निघाला. नाव ‘आपलं कुटुंब’. तळघरात रेंज नाही. काका जेवायला वर गेले की जिन्याच्या तोंडाशीच शंभरेक मेसेज अंगावर यायचे.

एका दुपारी पहिलीच बातमी होती: पॅकिंगच्या मावशींची मुलगी नर्स झाली. काकांनी खालचं काही न वाचता ‘अभिनंदन’ आणि तीन फुलं पाठवली. तोवर खाली दुसरी बातमी येऊन पडली होती: वेल्डरचे वडील सकाळी गेले. फुलं नेमकी तिच्याखाली जाऊन बसली.

त्रेपन्न माणसांनी ते पाहिलं. काकांना विचारायला सात नंबर एकानेही लावला नाही. मला तर आपणहून वाजताही येत नाही.

वेल्डर कामावर परतला, पण खाली येईना. सामानाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पाठवायचा. भेटायला काका दोनदा वर गेले, तर तो काचेचा मुखवटा तोंडावर ओढून ठिणग्यांत गुंतलेला.

आठव्या दिवशी मावशी चिकटपट्टी न्यायला आल्या. दारातच घुटमळल्या.

“काका, वेल्डरचे वडील गेले, त्यावर तुम्ही अभिनंदन कसं केलंत?”

काकांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला, बराच वेळ पाहत राहिले. मग खोक्यावर बसले.

“ते तुमच्या लेकीसाठी होतं हो.”

मावशींनी पदर तोंडाला लावला. “मी तरी कुठे विचारलं आठ दिवस.”

त्या गेल्यावर काकांनी मला कानाशी धरलं. वेल्डरचा चार नंबर दाबला, ठेवला. पुन्हा दाबला.

“कोण?”

“मी रे. ती फुलं तुझ्या वडिलांसाठी नव्हती. मला बातमीच दिसली नव्हती.”

पलीकडे मुखवटा बाकावर ठेवल्याचा आवाज आला. माझी मात्र खरखर चालूच. अशा वेळीही मला गप्प बसता आलं नाही.

“काका,” वेल्डर म्हणाला, “मी येतो खाली.”

आला. चाकांच्या खोक्यावर बसून वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत राहिला. काका मला जागेवर ठेवायला विसरले. मी वायरीला लोंबकळत सगळं ऐकलं.

गेल्या महिन्यात तळघरात रेंजचं यंत्र बसलं आणि माझी वायर कापली. चार नंबर लावायचा कुणाला? चार नंबर रोज तीन वाजता समोरच्या खोक्यावर येऊन बसतो. माझा धंदा असा मीच बुडवला.

मला खुशाल भंगारात काढा. फक्त तुमच्याकडेही कुणी तळघरात बसत असेल, तर कधीतरी जिना उतरा. माझ्यासारख्या यंत्रावर विसंबू नका. ते साठाचे आठ करतं.