जिन्याखाली थांबलेली माणसं

सुरक्षा तपासणीच्या बाईंना नाट्यगृहातले सगळे पाठीमागे 'फूटपट्टीबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. दारं, जिने, कठडे, दिसेल ते मोजायचं आणि इथे किती माणसं बसवलेली चालतील ते लिहून द्यायचं, ही त्यांची नोकरी. एखादी गोष्ट हिशेबात बसली नाही की मात्र बाईंची तहानभूक हरपायची.

या वेळी बसत नव्हता तो बाल्कनीचा जिना. वर दोनशे खुर्च्या. कागदावर बाल्कनी तीन मिनिटांत रिकामी व्हायला हवी. दुपारच्या खेळानंतर घड्याळ लावून पाहिलं तर सात मिनिटं लागली. पायऱ्या धड, दिवे धड, दार बाहेर उघडणारं. मग चार मिनिटं जात होती कुठे?

"ताई, सही करून टाका ना," मॅनेजरकाका म्हणाले. रविवारी त्यांचा निवृत्तीआधीचा शेवटचा कार्यक्रम होता आणि सगळी तिकिटं गेली होती. एकतीस वर्षांत तिकीट असलेल्या एकाही माणसाला त्यांनी दारातून परत पाठवलं नव्हतं, आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतही. बाईंनी बाल्कनी बंद ठेवायला सांगितली तर दोनशे जणांना परत पाठवावं लागणार होतं.

बाईंनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी खेळ सुटताना त्या जिन्याखालच्या दाराबाहेर, अरुंद बोळात, भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. माणसं धडाधड खाली येत होती, दाराबाहेर दोन पावलं टाकत होती आणि चक्क थांबून मागे वळत होती. एक आजोबा थांबले. एक बाई दोन पिशव्या सांभाळत थांबली. तीन मैत्रिणी चौथीसाठी थांबल्या. जो तो मान वर करून जिन्याकडे बघत होता. भिंतीवर काकांनीच रंगवून घेतलेली 'येथे थांबू नये' ही पाटी होती. तिलाच टेकून एक गृहस्थ बायकोची वाट बघत होते. बाईंना हसू आवरेना. आपल्या फूटपट्टीत न मावणारं काहीतरी सापडलं, याचा त्यांना आनंदच झाला होता.

"अहो, ते खेळ सुटल्यावरचं," काका म्हणाले. "तेव्हा कुणाला घाई असते? आग लागली तर कोण थांबतंय? जो तो जीव घेऊन पळेल."

"पळेल? खात्री आहे?"

"शंभर टक्के!"

बाईंना खात्री नव्हती, पण पुरावाही नव्हता. "मग करूनच बघू," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी रंगीत तालमीला आलेल्या चाळीस जणांना बाल्कनीत बसवलं. तिकीट खिडकी सांभाळणाऱ्या काकूही, गुडघा दुखत असताना, हौसेने वर चढल्या. काकांनी सगळ्यांना दम भरला, "ही चाचणी आहे, पण खरीच आग लागली असं समजायचं. घंटा झाली की थेट रस्त्यावर. कुणी कुणासाठी थांबायचं नाही!"

बाई खाली बोळात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. घंटा झाली. सगळ्यांच्या आधी खाली आले ते काकाच, धापा टाकत, पण कसं उतरायचं ते दाखवून देण्याच्या थाटात. दाराबाहेर एक पाऊल पडलं आणि ते गर्रकन मागे वळले. मागचे त्यांच्यावर आदळता आदळता राहिले. जिन्यावर सगळं अडलं.

"काका, पुढे चला!" वरून कुणीतरी ओरडलं.

"थांबा हो! आमची ही मागे राहिली आहे, गुडघा धड नाही तिचा!" काका त्याहून मोठ्याने ओरडले.

आणि मग आपलाच आवाज त्यांच्या कानावर पडला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण जिंकल्याचं काही वाटलंच नाही त्यांना.

"काका, उद्याचं काय लिहू?" त्यांनी हलकेच विचारलं.

काका दारातून हलले नाहीत. त्यांची नजर जिन्यावरच होती.

"बाल्कनी बंद लिहा," ते म्हणाले. "लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. पण जरा थांबा, ताई. ती अजून खाली आली नाही."