डोहाचा राखणदार

“पुन्हा रिकाम्या हातानं आलात?” अबिटी साइतीने चटईवरूनच नवऱ्याला विचारलं.

“चिल्व्यात मासा उरलाय कुठं?” जाफाली म्हणाला.

ते खरंच होतं. चिल्वा सरोवर परातीसारखं, पसरट आणि उथळ. भरलं की असं उदार, की लांबच्या एखाद्या मोठ्या खोल सरोवरालाही लाजवील. पण पाऊस रुसला, पाणी आटलं, आणि उरलं त्यात खार इतका चढला की मासे पोट वर करून तरंगले. जगले ते नदीच्या डोहात शिरलेले मकुम्बा मासे तेवढे. सरोवर पुन्हा नांदायचं ते याच बियाण्यावर. म्हणून गावप्रमुख नमांजाने डोहात जाळं टाकायला बंदी घातली आणि राखणीला जाफालीला बसवलं. असल्या कामाला सरळ माणूसच सापडतो.

“डोहात आहेत की,” अबिटी म्हणाली. “एकच आणा. तोंडाला चव नाही, रस्सा तरी पिईन.”

“काल सख्ख्या भावाला हाकललं मी तिथून.”

“मग आता बायकोला हाकला.” ती हसली आणि बराच वेळ खोकत राहिली. “जा, बसा तिथंच. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतील उगाच.”

तो गेला. काठाशी माशांच्या काळ्या पाठी फिरत होत्या. हात घातला असता तर एखादा सहज मिळाला असता. त्याने घातला नाही.

त्याच आठवड्यात अबिटी गेली. बायाबापड्या रडल्या. जाफालीच्या आत काही हललंच नाही. माती देऊन तो पुन्हा डोहावर जाऊन बसला.

पुढचे पावसाळे चांगले झाले. चिल्वा भरलं, खार उतरला, डोहातले मासे सरोवरभर पसरले. बंदी उठली त्या दिवशी पहिल्या होडीतला सगळ्यात मोठा मकुम्बा घेऊन नमांजा स्वतः दारात आला.

“हा तुझा मान. तू होतास म्हणून आज घरोघर रस्सा शिजतोय.”

“हो,” जाफाली म्हणाला.

बहिणीने, असियातूने, रस्सा केला, मक्याच्या पिठाची गरम न्सिमा वाढली. तो जेवायला बसला. कशाचीच चव लागत नव्हती.

“दादा, खा की. नुसता चिवडत काय बसलास?”

त्याने ताटाकडे पाहिलं. अबिटीच्या घशात काटा अडकायचा, म्हणून तिचा मासा नेहमी तोच निवडून द्यायचा. आताही सगळा मासा काटे काढून त्याने ताटाच्या पलीकडच्या कडेला सारून ठेवला होता.

“खातो,” तो म्हणाला, आणि त्याने ताट आपल्याकडे फिरवून घेतलं.