साहेब कामात हाय

घरून काम करणं म्हणजे रिकामं बसणं, असं आमच्या राजापेठेतल्या गल्लीनं एकमतानं ठरवलं होतं. शेजारच्या माणिकबाई बाजारात जाता जाता दारातून डोकावत अन् सांगत, "भावना, कुकर ठेवला हाय. तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजो." समोरच्यांचं पार्सल माह्याकडं, वरच्यांची चावी माह्याकडं, सिलिंडरवाला आला तं सही माही. पोरगी दिवसभर घरीच तं असते, मंग तिले काय काम? मी का खुर्चीवर बसून माशा मारून राहिली का?

पुण्याच्या एका विमा कंपनीसाठी मी दवाखान्यांची बिलं तपासतो. एका फायलीत चाळीस-पन्नास कागद. औषधांचे आकडे जुळवता जुळवता कोणी "हाय का घरी?" म्हटलं का पुन्हा पहिल्या कागदापासून सुरू. दिवसाच्या वीस फायली कराच्या, माह्या बाराच्या वर जात नव्हत्या. एका सोमवारी आमच्या रागिणी मॅडमचा फोन आला.

"भावना, शुक्रवारी अकरा वाजता माझ्यासमोर स्क्रीनवर तीन फायली करून दाखव. एका तासात, मध्ये न उठता. तोपर्यंतचा रोजचा आकडाही मी बघणार आहे. नाही जमलं तर एक तारखेपासून पुण्याला ये, इथे ऑफिसात बस."

मले पुण्याले जायचं नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली, घरात मी अन् बाबा. बाबांले चहा सोडून काही रांधता येत नाही, अन् एकट्यानं करमत नाही हे ते मेले तरी कबूल करणार नाही. मी जेवताना त्यांले सगळं सांगतलं. बाबा एकतीस वर्षं मोर्शीच्या एका सरकारी कचेरीत चपराशी होते. धर्मपाल दारात असला का साहेबापर्यंत माशी जात नाही, असं लोक म्हणत. त्यांनी हात धुतले अन् म्हणाले, "एवढंच ना? दरवाजा सांभाळाले मले कोणी शिकवावं लागते का?"

मंगळवारी सकाळी पाहतो तं बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माह्या खोलीबाहेर स्टुलावर बसले. माह्या टेबलावर त्यांनी एक घंटी आणून ठेवली. "काही लागलं तं वाजवाची. तोपर्यंत आत कोणी नाही. मी बी नाही."

दहा वाजता माणिकबाई आल्या. मले आतून सगळं ऐकू येत होतं. बाबांनी त्यांच्या हाती कागद-पेन देल्ला अन् चिठ्ठी लिहाले लावली. नाव माणिकबाई, राहणार राजापेठ, काम कुकर. बाबांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली अन् म्हणाले, "साहेब कामात हाय. दोन वाजता भेटते."

"कोण साहेब?" माणिकबाई फणफणल्या. "ते भावना? लहानपणी तिचं नाक मी पुसलं!"

"नाक पुसलं ते घरची भावना," बाबा शांतपणे म्हणाले. "आत बसली ते साहेब."

मले लाज वाटली, अन् खोटं काहून बोलू, बरंही वाटलं. त्या दिवशी अठरा फायली झाल्या. बुधवारी वीस. गुरुवारी बावीस. बाबांच्या खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला अन् गल्लीतल्या चार बाया आमच्यावर रुसल्या. रुसू द्या म्हटलं.

शुक्रवारी सव्वादहाले नेट गेलं.

माही खोली घराच्या पोटात हाय, मोबाईलवर कसंबसं बोलणं होते तेवढंच. मी नेटच्या कंपनीत तक्रार केली. ते म्हणाले, माणूस पाठवतो. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, माणसाचा पत्ता नाही. कानाले फोन लावून मी कंपनीवाल्यांशीच भांडून राहिली होती, बाहेरचं काही ऐकू येईना. अकराले पाच कमी असताना तारवाल्या श्यामचा नंबर मिळाला, तं मी त्याच्यावर ओरडलीच. "कुठं हायस बाबू तू?"

"ताई, मी तं वीस मिनिटं झाले तुमच्याच दारात बसलो. काकांनी पाणी देल्लं. चिठ्ठी बी लिहून घेतली."

मी दार उघडलं. श्याम खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. चिठ्ठी बाबांच्या खिशात.

"घंटी वाजली नाही," बाबा म्हणाले. "मंग मी आत कसा येऊ?"

माहं डोकंच फिरलं. "डोकं हाय का नाही तुमाले? नेटवाल्याले बसवून ठेवता? माही नोकरी चालली इथं! इतकं साधं समजत नाही?"

बाबा स्टुलावरून उठले. दोन्ही हात पुढं जोडून, मान खाली घालून उभे राहिले अन् म्हणाले, "चुकलं साहेब."

ते गंमत करून नव्हते राहिले. एकतीस वर्षांची सवय तोंडातून आपोआप निघाली होती. असं किती जणांनी बोललं असंल यांले, अन् आज त्यात मी. मले माहीच शरम वाटली.

श्याम गच्चीवर पळाला. खारीनं तार कुरतडली होती. अकरा वाजून आठ मिनिटांनी नेट आलं, समोर मॅडम घड्याळाकडं पाहून राहिल्या होत्या. मी मागं वळली. बाबा अजून तसेच उभे.

"बाबा, आत या. इथं बसा, माह्या बाजूले."

"मी? आत?"

"हो. खुर्चीवर."

ते खुर्चीच्या काठावर बसले. मी पहिली फाईल उघडली. पन्नास मिनिटांत तिन्ही संपवल्या, एक आकडा चुकला नाही. मॅडमनं पाहिलं अन् विचारलं, "बाजूला कोण बसलंय?"

"माझे बाबा. आज उशीर झाला तो यांच्यामुळे, मॅडम. अन् तीन दिवस आकडा वाढला तोही यांच्यामुळेच."

मॅडम हसल्या. "मग तू तिथेच राहा. यांना पुण्यात कुठे बसवू मी?"

स्क्रीन बंद झाली.

"सात साहेब झाले माहे," मंग बाबा म्हणाले. "आत बोलावून खुर्चीवर बसवणारी तूच."

मले रडू आलं. मी डोळे पुसले, पुढची फाईल उघडली, अन् आता बाबा बाहेर जातील म्हणून वाट पाहिली. पण ते तं मागं रेलून आरामात बसले, स्क्रीनवर बोट ठेवलं अन् विचाराले लागले, "हे काय लिहिलं हाय? अन् ह्या आकड्याचं काय करते तू?"

त्या दिवशी पंधराच फायली झाल्या.