दिसत नाही, पण उमटतं

औषधभांडाराच्या खिडकीपाशी सकाळी नऊलाच बोंब उठली. "मशीन मेलं हो, मशीन मेलं!"

मेलंबिलं काही नव्हतं. चांगलं धडधाकट होतं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पासवर्ड' असं विचारून ते गुमान वाट बघत होतं. फक्त आजपासून पासवर्ड टाकताना अक्षर दिसत नव्हतं, आणि हा उपद्व्याप होता लवंगीचा.

लवंगी म्हणजे हॉस्पिटलची प्रोग्रामर. उंची बेताची, जीभ तिखट, म्हणून हे नाव. पण ते तोंडावर घ्यायची छाती फक्त तिच्या आत्याची. आत्या याच भांडारातली सिस्टर. बावीस वर्षं त्या खिडकीमागे बसून तिने वॉर्डांना औषधं दिली, आणि पंधरा दिवसांपूर्वी तिला तिथून उठवलं. कारण काय, तर कडक कुलपातल्या वेदनाशामक इंजेक्शनांचा अख्खा खोका गायब झाला. मशीनवर ज्याने त्याने आपापला पासवर्ड टाकला की कपाट उघडतं आणि कोणी उघडलं त्याची नोंद होते. नोंद सांगत होती, रविवार, दुपारी दोन, पासवर्ड सिस्टरचा. रविवारी दुपारी दोनला आत्या घरच्या गच्चीवर गाद्यांना ऊन देत होती. पण नोंदीला गाद्या कुठे दिसतात?

शुक्रवारी चौकशी. दोषी ठरली तर नोकरी जाणार, आणि चोर हा शिक्का कपाळावर राहणार तो वेगळाच.

"चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!" आत्या जेवताना म्हणाली होती. म्हणताना हसली, आणि मग ताट तसंच ठेवून मोरीत जाऊन रडली. लवंगीने तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिनेही आपलं ताट बाजूला सारलं.

कारण तिला ठाऊक होतं. वर्षभरापासून ठाऊक होतं! जुना प्रोग्राम लिहिणाऱ्या महाभागाने पासवर्ड असा घेतला होता, जसं वॉर्डचं नाव लिहून घ्यावं. टाकलेलं प्रत्येक अक्षर पडद्यावर ठसठशीत. त्यात खिडकीवरच्या माणसाला औषधाचं नाव पडताळता यावं म्हणून पडदा तिरका वळवलेला. म्हणजे रांगेतल्या पहिल्या चार माणसांनी नुसती मान वाकवली की सिस्टरचा पासवर्ड पाठ. लवंगीने रुजू झाल्या झाल्या प्रशासक साहेबांना दोन पत्रं लिहिली होती. दोन्हींवर एकच शेरा आला, 'कोणाची तक्रार नाही. चालू द्यावे.' आणि तिने चालू दिलं. कोणावर बेतलं नव्हतं ना तेव्हा! घरच्या माणसावर बेतलं तेव्हा बाईसाहेबांना जाग आली. अशा शब्दांत तिने स्वतःलाच झाडलं, आणि बुधवारी कोणालाही न विचारता प्रोग्राम बदलला.

बदल एवढासाच. पासवर्ड विचारण्याआधी टर्मिनलला, म्हणजे त्या पडद्या-कीबोर्डच्या जोडीला, सांगायचं, आता अक्षरं दाखवू नकोस. पासवर्ड घेऊन झाला की सांगायचं, आता दाखव.

पण सवय मोडली की माणसाला वाटतं मशीन मोडलं. आत्याच्या जागी बसवलेल्या कंपाउंडरने कीबोर्ड उलटा करून झटकला. एका नर्सने तेच अक्षर सहादा दाबलं आणि चुकीचा पासवर्ड म्हणून मशीनने हाकलल्यावर मशीनच्या सात पिढ्या काढल्या. लवंगी खिडकीपाशी उभी राहून एकच पालुपद आळवत होती, "दिसत नाही, पण उमटतंय. टाका आणि एंटर मारा."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. हे सर्जन, आणि थांबणं यांच्या पत्रिकेत नाही. अक्षर दिसेना म्हणून त्यांनी वैतागून कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्राम बंद पडला, आणि त्यानंतर त्या टर्मिनलवर काहीही टाका, दिसेचना. ना नाव, ना तारीख.

लवंगीचा चेहरा उतरला. ही चूक तिचीच होती. 'दाखवू नकोस' सांगून ठेवलं, पण प्रोग्राम मधेच मेला तर 'दाखव' कोण सांगणार? आधीच्या नोकरीत नवशिक्यांना ती स्वतः हेच बजावत असे, आणि घाईत स्वतःच विसरली होती.

साहेब लगबगीने आले. "हे कोणाच्या परवानगीने केलंत?"

"कोणाच्याच नाही."

"आत्याला वाचवायला सगळं हॉस्पिटल आंधळं करणार तुम्ही? संध्याकाळच्या आत जुना प्रोग्राम लावा. फार तर अक्षरांच्या जागी चांदण्या दाखवा, लोकांना बरं वाटेल."

"चांदण्याही नाही, साहेब. पासवर्ड किती अक्षरांचा आहे ते तरी चोराला फुकट का सांगायचं?"

"उद्धटपणा पुरे!"

"मधेच बंद पडलं तर बिघडतं, ती चूक माझी. ती मी आत्ता सुधारते," लवंगी म्हणाली. "जुना प्रोग्राम मात्र या खिडकीवर परत येणार नाही. मला काढा, मग दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या."

दुसरं कोणी नव्हतंच, हे साहेबांनाही माहीत होतं. ते पाय आपटत गेले. तिने तासाभरात दुरुस्ती केली. आता काहीही होवो, मरता मरता प्रोग्राम 'दाखव' म्हणूनच मरणार होता.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. अध्यक्ष तेच मोठे डॉक्टर. आत्या इस्त्रीच्या गणवेशात, हात मांडीवर घट्ट धरून. साहेबांनी अहवाल वाचला, आणि या वाक्यावर मुद्दाम थांबले, "सदर पासवर्ड सिस्टर यांच्याखेरीज कोणासही ठाऊक असणे शक्य नाही."

मग त्यांनी लवंगीकडे पाहिलं. "जुना प्रोग्राम लावलात?"

"लावला की. तुमच्याच टेबलावर," लवंगी म्हणाली, आणि त्यांचा पडदा तिने सगळ्यांना दिसेल असा वळवला. "भांडारात असायचा तसाच तिरका. एकदा टाकून बघा, म्हणजे खात्री होईल."

साहेब खूश झाले. पोरीने शेवटी नाक घासलं म्हणायचं! त्यांनी कीबोर्ड ओढला आणि पहिलं अक्षर दाबलं. ते पडद्यावर हिरवंगार उमटलं. दुसरं उमटलं. तिसऱ्याला साहेबांचा डावा हात आपोआप वर गेला आणि पडद्यावर आडवा पडला.

"जरा... तोंडं तिकडे करा बरं सगळ्यांनी."

कोणीच तोंड फिरवलं नाही. साहेबांचा हात पडद्यावर तसाच, आणि कान लाल होत चाललेले.

आत्या उठून उभी राहिली. "वा, साहेब! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! बावीस वर्षं मी त्या खिडकीत उघड्यावर पासवर्ड टाकला. एकदा तरी कोणी म्हणालं का, सिस्टर, आम्ही तोंड फिरवतो? मला हात आडवा धरायची सोय नव्हती. माझ्या एका हातात औषधं असायची."

मोठ्या डॉक्टरांनी अहवाल पुढे ओढला, 'शक्य नाही' असलेल्या त्या वाक्यावर पेनाने आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "खोका कोणी नेला ते नव्याने शोधा," ते म्हणाले. "सिस्टर, तुम्ही खिडकीवर जा. वॉर्ड खोळंबलेत."

लवंगीला त्याच दुपारी विनापरवानगी बदल केल्याचा मेमो मिळाला. तिने उत्तर लिहिलं, 'बदल मीच केला. परवानगी वर्षापूर्वी दोनदा मागितली होती, पत्रे सोबत जोडली आहेत. पुन्हा गरज पडल्यास पुन्हा करीन.' साहेबांनी त्यावर काय शेरा मारला कोण जाणे, ते पत्र काही परत आलं नाही.

खिडकीमागे आत्याने नवा पासवर्ड टाकला. बोटं अशी आपटली की कीबोर्ड हादरला, आणि पडद्यावर एक ठिपकासुद्धा नाही. खिडकीतून एका वॉर्डबॉयने सवयीने मान आत घातली.

"सिस्टर, काहीच दिसत नाहीये."

"तुला दिसायला नकोच आहे, बाबा," आत्या म्हणाली आणि एंटर दाबलं. कपाट खट्‌कन उघडलं. "सरळ उभा राहा. वाकून वाकून पाठ दुखेल."