उजवी नडगी

मुलांना मी एकच नियम घालून दिला होता : नाव शेवटी. पक्षी दिसला, किडा दिसला, ओळखीचं नसलेलं पान हाती आलं, तर आधी नीट बघायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. सगळं लिहून झालं की मगच नाव घ्यायचं. एकदा नाव घेतलं की माणूस बघायचं थांबवतो. शाळेत पस्तीस वर्षं मी हेच सांगितलं आणि निवृत्त झाल्यावर बनशंकरीतल्या आमच्या गल्लीतल्या मुलांनाही हेच सांगत होतो.

१९९४ च्या मे महिन्यात एका रविवारी माझ्याबरोबर दोघीच आल्या. माझी नात रम्या, बारा वर्षांची, वही सांभाळणारी. आणि शेजारच्या हयवदनची मनस्विनी, नऊ वर्षांची. कनकपुरा रस्त्याला बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही नाचणीच्या कापलेल्या शेतांतून टेकाडाकडे चाललो होतो.

मनस्विनीचा कुत्रा दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळाला होता. नाव करिया, रंगही तसाच काळाकुट्ट. पिल्लू असताना तो एका लूनाखाली आला होता. त्याच्या मागच्या उजव्या पायाला बांबूच्या काड्या मीच बांधल्या होत्या. हाड जुळलं, पण वाकडं. नडगीवर चिंचोक्याएवढी गाठ राहिली आणि करिया जन्मभर लंगडला. तो पळाल्यापासून मनस्विनी रोज संध्याकाळी फाटकाच्या कठड्यावर अर्धी चपाती ठेवायची. "येईल गं," असं तिची आई वसुमती म्हणायची. सहा महिने तेच म्हणत होती.

मनस्विनी पुढं पळत गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती एका चिंचेखाली उकिडवी बसली होती आणि तिच्यापुढं हाडं पडलेली होती. स्वच्छ, पांढरी. मुंग्यांनी आणि उन्हानं त्यांचं काम पुरं केलं होतं.

"अज्जा, सांगाडा!" रम्या ओरडली. "कशाचा आहे?"

"नाव शेवटी," मी म्हणालो. मनस्विनीच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, आज हा नियम बरा आहे.

कवटीकडे पाहिलं तेव्हाच माझ्या मनात दोन नावं आली होती. लांबट तोंड, मांस खाणाऱ्याचे दात. कुत्रा, नाहीतर कोल्हा. दोघांचेही दात बेचाळीस, त्यामुळं दात मोजून काही निकाल लागणार नव्हता. कोल्ह्याचं कपाळ नाकाच्या रेषेत सपाट उतरतं, कुत्र्याचं तिथं जरा खाली मोडतं. ही कवटी मी डोळ्यांसमोर धरली तर मोडल्यासारखी दिसे, लांब धरली की सपाट. खरं सांगायचं तर मला ती सपाट दिसायला हवी होती.

मी पिशवीतलं वर्तमानपत्र पसरलं. रम्यानं एकेक हाड आणून मांडायला सुरुवात केली.

"बरगड्या तेरा जोड्या," ती म्हणाली.

"लिही."

"हे बघा अज्जा, हा पाय. पण याला खूर आहे!"

खरंच खूर होता. दुभंगलेला, काळा, शेळीचा असतो तसा. बरगड्याही शेळीच्या तेरा जोड्याच असतात. मी कवटी पाहिली, खूर पाहिला, परत कवटी पाहिली.

"पुढं कोल्हा, मागं शेळी," रम्या हसली. "अज्जा, तुम्ही असला प्राणी शिकवलाच नाही कधी."

"गप गं. शोध आणखी."

मला हवी होती मागच्या उजव्या पायाची नडगी. डावी मिळाली, सरळ, सुरेख. दोन्ही मांड्या मिळाल्या, शेपटीचे मणीसुद्धा मिळाले. उजवी नडगी काही मिळेना. मी काठीनं पाला उकरला, दगड उलटवले, झाडाला तीन फेऱ्या मारल्या. कुणी जनावरानं नेली म्हणावं तर तिच्या खालची टाचेची हाडं जागच्या जागी होती. मला काही समजेना.

मनस्विनी बाजूला आपली कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पानं गोळा करायची पिशवी.

"अज्जा," तिनं विचारलं, "एक हाड नाही मिळालं तर नाव घ्यायचं नाही, हो ना?"

"पुरतं मोजल्याशिवाय नाही घ्यायचं."

"कधीच नाही?"

"मिळेपर्यंत नाही," मी म्हणालो आणि चौथी फेरी मारायला लागलो.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा आला. डोक्याला टॉवेल, पुढं सात-आठ शेळ्या.

"काय हुडकायला लागलासा, स्वामी?"

या कन्नड मुलखात मराठी ऐकून मला बरं वाटलं. नाव विचारलं तर पिराजी म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या याच भागात राहिलेली मराठा घरं आहेत, त्यातला. मनस्विनी ऐकत होती म्हणून 'कुत्रा' हा शब्द मी तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं. हाडांकडे बोट दाखवून विचारलं, "हे शेळीचं का हो?"

"नायी," पिराजी म्हणाला.

"मग कोल्ह्याचं?"

"नायी ओ."

"मेंढराचं तर नसेल?"

"नायी म्हटलं की!" तो जरा चिडलाच. "करी नायी."

"काय करी नाही?"

"करी नायी, स्वामी! ऐकू येत नाही काय?" असं म्हणून तो कुणाच्या तरी कुंपणात शिरलेल्या शेळीमागं शिव्या देत धावला.

रम्यानं वहीत लिहिलं : शेळी नाही. कोल्हा नाही. मेंढी नाही. पुढं थोडा विचार करून लिहिलं : काही करत नाही.

"कोण काही करत नाही, अज्जा?"

"प्राणी असेल. गरीब स्वभावाचा."

"मेलेला प्राणी काय करणार?"

मी चष्मा पुसला. खूर शेळीचा, आणि म्हातारा म्हणतो शेळी नाही. दात कोल्ह्याचे, आणि म्हातारा म्हणतो कोल्हा नाही. मी शाळेत इतकी वर्षं सांगाडे शिकवले ते चुना लावून तारेत बांधलेले, एका पेटीत एकच. इथं एका झाडाखाली किती जनावरं होती तेच मला कळत नव्हतं.

आम्ही सावलीत बसून पाणी प्यायलो. रम्या वही वाचत होती. एकाएकी तिनं कपाळावर हात मारला.

"अय्यो! अज्जा, तो प्रत्येक वेळी एकच उत्तर देत होता!"

"नाही म्हणत होता."

"नाही म्हणत नव्हता हो. नायी, नायी! कन्नडात नायी म्हणजे काय?"

साठ वर्षं या गावात काढली. दुकानात, बसमध्ये, शाळेत कन्नडच बोललो. पण समोरचा मराठीत बोलायला लागला की माझे कानही मराठी होऊन बसतात. नायी म्हणजे कुत्रा. करी म्हणजे काळा. आमच्या घरी मराठी बोलतानाही मांजराला बेक्कूच म्हणतात, मग त्याच्या घरी कुत्र्याला नायी का म्हणणार नाहीत? म्हाताऱ्यानं मला चार वेळा स्पष्ट सांगितलं होतं आणि मी चार वेळा उलटं ऐकलं होतं.

रम्यालाही आता उरलेलं कळलं. तिनं हळूच वही मिटली. मनस्विनीनं पिशवी पोटाशी धरली होती.

पिराजी शेळी घेऊन परत आला तेव्हा मी उठून त्याच्याजवळ गेलो. "पिराजी, काळा कुत्रा कुणाचा होता?"

"कुणाला ठाऊक. दिवाळी झाल्यावर आलं. भेदरलेलं. माझ्या झोपडीच्या दाराशी येऊन बसलं, उठायला तयार नाही. नाचणीच्या पिठाचा मुद्दा टाकला तर खाल्लं. मग राहिलं की. शेळ्यांबरोबर रोज यायचं. संक्रांत झाल्यावर एक दिवस हितं निजलं, ते निजलंच. वर दगड ठेवले होते मी. कुणी हलवले काय की."

"आणि हा खूर?"

"तो मारम्मा देवीच्या जत्रेतला. लोक शेळी कापतात, पाय हितं टाकतात. तुम्ही मास्तर ना, स्वामी? दोन जनावरं वेगळी करता येत नाहीत?"

"आज येईनात," मी म्हणालो. मग आवाज खाली आणून विचारलं, "लंगडत होतं का?"

पिराजी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला.

"त्यांना नका विचारू, अज्जा."

मनस्विनी उभी होती. तिनं पिशवीत हात घातला, पळसाची पानं बाजूला केली आणि एक हाड बाहेर काढलं. ते माझ्याकडे न बघताच माझ्या हातात दिलं. उजवी नडगी. मधोमध वाकलेली. अंगठा फिरवला तर वाकाच्या खाली चिंचोक्याएवढी गाठ लागली. मी बांधलेल्या काड्या सैल राहिल्या होत्या म्हणून राहिलेली गाठ.

"कधी मिळालं तुला हे?"

"सगळ्यात आधी."

"मग ठेवून का घेतलंस, बाळ?"

"तुम्हीच म्हणता ना, पुरतं मोजल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. एक कमी राहिलं असतं तर कुणालाच घेता आलं नसतं."

मी खाली बसलो. इतक्या वर्षांत माझा नियम इतका नीट कुणी ऐकला नव्हता आणि असा वापरलाही नव्हता. हाड मी तिला परत दिलं.

"हे कुठं ठेवायचं ते तू ठरव. पिशवीत ठेवलंस तरी मी काही म्हणणार नाही. वहीतही लिहायला लावणार नाही."

पिराजीच्या शेळ्या वर्तमानपत्राचा कोपरा चघळायला आल्या, त्यांना रम्यानं हाकललं. मग मनस्विनी वाकली, खुराचा पाय उचलून कागदाबाहेर ठेवला आणि नडगी मांडी आणि टाचेच्या मध्ये, तिच्या जागी, लावली. जरा तिरकी बसली. ती तशीच बसणार होती.

"तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारायचात?" तिनं पिराजीला विचारलं.

म्हातारा गोंधळला. "हाक? नायी म्हणूनच. नायी, ये. नायी, जा."

"यायचा?"

"स्वल्प उशिरानं यायचा. लंगडत."

"त्याचं नाव करिया," मनस्विनी म्हणाली.

"करिया," पिराजी म्हणाला. मग हाडांकडे वळून, एखाद्या पाहुण्याची ओळख करून दिल्यावर बोलावं तसं, परत एकदा म्हणाला, "सरी, बरं. करिया."

आम्ही चौघांनी मिळून दगड आणले. रम्यानं जाताना वही मला दिली. शेवटच्या ओळीवरची 'काही करत नाही' ही अक्षरं खोडली होती आणि नावाची जागा मनस्विनीसाठी मोकळी सोडली होती.