मिटलेला आरसा

जगनच्या गावातल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या, आणि घर वाढवताना ज्याने त्याने त्यातलाही हातभर गिळलेला. त्यामुळे पनवेलला चिकटलेल्या त्या गावात मोटारी चालतात त्या दोन्ही आरसे मिटून, अंग चोरून. उजवा आरसा चालवणाऱ्याने मिटायचा, डावा शेजारी बसलेल्याने. गावाबाहेर मारुतीच्या देवळाशी आलं की दोघांनी आपापला उघडायचा. न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीला असलेल्या मुलाने, परेशने, आईबापांना गाडी घेऊन दिली, तेव्हापासून डावा आरसा म्हणजे जगनच्या बायकोचं, हौसाचं काम.

त्या दिवशी दोघं एका हळदीला निघाली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण कशावरून, तर जगनच्या सदऱ्यावरून. हौसा म्हणाली हा नको, म्हणून त्याने हाच घातला. साठीला टेकलेल्या माणसांनी एवढ्यावरून तोंडं फुगवावीत का? पण फुगवली. देऊळ आलं. जगनने आपला आरसा उघडला. हौसा गजरा सावरत समोर बघत राहिली. डावा आरसा मिटलेलाच आहे हे जगनला दिसलं, चांगलं दिसलं. ‘आरसा उघड’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते, पण आधी बोलेल तो हरला, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा संसार. उघडेल तिची ती, असं मनाशी म्हणत त्याने गाडी तशीच पुढे काढली.

खांदा कॉलनीशी डावीकडे वळायचं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, आधी आतला आरसा, मग डावा, मग मान वळवून खांद्यावरून बघायचं आणि मगच स्टीअरिंग फिरवायचं. आतल्या आरशात रस्ता मोकळा दिसला. डावा तर मिटलेलाच. आणि मान वळवायची, तर त्या बाजूला हौसा बसलेली. तिच्याकडे त्याला बघायचं नव्हतं.

हॉर्न ऐकू आला तेव्हा गाडी अर्धी वळली होती.

स्कूटरवरची मुलगी वीस वर्षांची, नर्सिंगला शिकणारी. प्रांजल तिचं नाव, हे नंतर कळलं. मागचं चाक तिच्या पायावरून गेलं. जगन सीटवर थिजून बसला. हौसा मात्र धावली, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, हळदीची नवी साडी रक्ताने भिजली तरी हलली नाही. मग पाण्याची बाटली न्यायला ती गाडीपाशी आली आणि जाता जाता तिने डावा आरसा उघडला. एका हाताने, घरातली खिडकी उघडावी तसा. जगनने ते पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढचं सगळं त्या उघड्या आरशाने केलं. पोलिसांनी फोटो काढले, आरसे जागेवर असल्याचं लिहून घेतलं. जमलेली माणसं म्हणाली, ही स्कूटरवाली पोरं डावीकडून घुसतातच. प्रांजलचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

जगनच्या घशाखाली घास उतरेना. एकदा तो हौसाला म्हणाला, "मी सांगनार हाय."

"सांगा," हौसा म्हणाली. "तुमी आत गेल्यावर मी कोनाच्या तोंडाकडं बघू, ते पन सांगा."

असे दोन महिने गेले. शेवटी दोघं शहाळी घेऊन मुलीला बघायला गेली. प्रांजलच्या आईने, कीर्तीने, दार उघडलं आणि रागाचा एक शब्द न काढता "या ना, बसा" म्हटलं. जगनला वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रांजल सोफ्यावर होती, कमरेखाली चादर.

"काका, सॉरी," तीच आधी म्हणाली. "मी डावीकडून यायलाच नको होतं. दिवसभर तेच डोक्यात असतं. माझा पाय मीच घालवला."

हे जगनला सोसवेना. पाय गेला तो गेलाच, पण त्याचं पापही ही पोर आपल्याच माथी घेऊन बसली होती. तेवढं तरी तिच्यावरून उतरवू, मग आपलं काय व्हायचं ते होवो.

"पोरी, तुझी चूक नाय," तो म्हणाला. "आमचा डावा आरसा मिटलेला व्हता. मला म्हाईत व्हतं. मी बघितलंच नाय."

मग कीर्तीने मोबाइल पुढे केला. "पण काका, पोलिसांचे फोटो आहेत ना आमच्याकडे. आरसा उघडा आहे. हे बघा."

"तो मागनं उघडलाय. हिनं उघडला. हौसा, सांग ना!"

हौसाने त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि जगनला वाटलं, आता ही सांगते.

"त्या दिसापासनं असंच बोलतात हे," ती कीर्तीला म्हणाली. "जेवत नाय, झोपत नाय. सगला दोष आपल्यावर घेतात. डाक्टरला दाखवायचं हाय."

ती हे इतक्या मायेने बोलली की आपलंच डोकं फिरलंय की काय, असं जगनलाही वाटून गेलं. कीर्तीने डोळ्यांना पदर लावला. "असा माणूस आजकाल बघायला मिळत नाही हो," ती म्हणाली.

प्रांजलने वाकून त्याचा हात हातात घेतला. "काका, माझ्यासाठी खोटं नका बोलू. मी पोलिसांना सांगितलंय. कोर्टातसुद्धा हेच सांगेन."

"मिटलेला व्हता गं," जगन म्हणाला. त्याने हात सोडवायला पाहिलं, पण पोरीने तो घट्ट धरला होता. "देवाशपथ मिटलेला व्हता."

"हो काका, हो," ती त्याचा हात थोपटत म्हणाली. "शांत व्हा बघू. चूक माझीच होती."