मुकादमाची वाट

नवरा जहाजावर गेला की घरात तिघंच उरायचे: ती, तिचे सासरे आणि मुकादम. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. सासरे आयुष्यभर बस चालवलेले, निवृत्त झाल्यावर घरात पाय टिकेना म्हणून रोज काहीतरी फिरायचं निमित्त काढणारे. मुकादम हा कुत्रा. तपकिरी, रुंद छातीचा, भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेला. त्याच्या गळ्याभोवती केस न उगवणारा एक वळ होता. "साखळीला बांधलेला असणार," एवढंच निवाऱ्यातली बाई म्हणाली होती.

डोंगरात नेलं की तो पुढे चालायचा आणि जरा जरा वेळाने थांबून मागे बघायचा, ही दोघं कामचुकारपणा तर करत नाहीत ना अशा नजरेने. सासऱ्यांनी नाव ठेवलं ते त्यावरून.

त्या रविवारी त्यांनी तलावावरच्या कड्याची पायवाट धरली होती. ऊन कोवळं होतं. खाली पाणी निळंशार पसरलेलं, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत वाऱ्याने लवत होतं. फाट्यापाशी एक बाक होता. तिथून एक वाट कड्याकडे चढत होती आणि दुसरी, अर्धी बुजलेली, खाली झाडीत उतरत होती. मुकादम फाट्यावर थबकला. नाक वर करून त्याने हुंगलं आणि तो खालच्या वाटेला लागला.

"अहो बाबा, हा कुठे निघाला?"

"जाऊ दे गं. चढ वाचला माझा," सासरे म्हणाले. "मुकादम सांगेल तसं."

झाडीत गारवा होता. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते, कुठेतरी ओढा वाजत होता. सासरे खुशीत होते. तिला मात्र काहीतरी खटकत होतं, आणि काय खटकतंय ते बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं. मुकादम एकदाही मागे वळला नव्हता. मान खाली घालून, शेपटी पायांत दाबून तो चालला होता, रोजच्या कामावर निघाल्यासारखा.

"बाबा, परत फिरू या."

तेवढ्यात झाडी संपली आणि मोकळी जागा लागली. जागेच्या कडेने मोठी झाडं होती. प्रत्येकाच्या बुंध्याला साखळी, आणि साखळी घासून घासून साल निघालेली. झाडाभोवतीची माती गोल तुडवून टणक झालेली. मधोमध फळ्या ठोकून केलेलं एक कुंपण होतं, आणि त्या फळ्यांवर आतून काळपट डाग होते. कुत्रा एकही दिसत नव्हता. 

"बरं झालं, आणलात त्याला."

मागून आवाज आला. चाळिशीचा माणूस, दाढी नीट केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो ओढ्याच्या बाजूने आला होता आणि हात रुमालाला पुसत होता.

"कुणाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"ह्यालाच की काका. माझा आहे तो. किती शोधला मी."

"आम्ही निवाऱ्यातून घेतलाय. रीतसर," ती म्हणाली.

"असेल ना ताई. मी कुठे नाही म्हणतोय?" तो हसला. "दोघंच आलात?"

सासरे भेटेल त्याला आपला सगळा प्रवास ऐकवणारे. पण आज ते चटकन म्हणाले, "नाही, मुलगा आहे ना सोबत. गाडी लावून येतोच आहे मागून."

 मुलगा त्या वेळी भर समुद्रात होता, आणि सासऱ्यांना खोटं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

त्या माणसाने वाटेकडे शांतपणे पाहिलं. "मग थांबू या की त्याच्यासाठी," तो म्हणाला आणि एका ओंडक्यावर बसला.

 ओढा तेवढा वाजत होता. तो माणूस अधूनमधून वाटेकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि मंद हसायचा. तिने खिशातला फोन चाचपला, रेंज नव्हती.

"त्याला फाटा सापडणार नाही," शेवटी ती म्हणाली.  "आम्हीच जातो पुढे."

"जा की. कुत्रा राहू द्या."

"नाही."

त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. हळूच, एकदाच. मुकादम पाय कापल्यासारखा जमिनीवर कोसळला. हनुवटी मातीत, डोळे मिटलेले. तिने पट्टा ओढला, चुचकारलं, तो तसूभरही हलेना.

"बघा," माणूस म्हणाला. "त्यालाही जायचं नाहीये."

सासरे वाकले. त्यांनी कुत्र्याच्या पोटाखाली हात घातले आणि तो अख्खा जीव खांद्यावर टाकला.

"बाबा, तुमची कंबर!"

"कंबर गेली खड्ड्यात. तू पुढे हो."

ते चढायला लागले. मागून पावलं येत होती, घाईची नाही. शीळ वाजली की मुकादमाचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. सासरे धापा टाकत होते. ती मागे वळली की तो माणूस तेवढ्याच अंतरावर उभा दिसायचा, हात खिशात घालून. मग तिने कुत्रा घेतला, मग पुन्हा सासऱ्यांनी. "अजून थोडंच," ते म्हणत होते. तिला की स्वतःला, कोण जाणे.

आणि मग शीळ थांबली. पावलंही थांबली. मागे वाट रिकामी होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आता तो कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता.

झाडीतून बाहेर पडले तर तो फाट्यावरच्या बाकावर बसला होता. दुसऱ्या कुठल्या वाटेने पुढे गेला, देव जाणे. शेजारी चार-पाच फिरायला आलेली माणसं होती आणि तो त्यांना तलावाची माहिती सांगत होता. ती माणसं हसत होती.

तिने सगळा जीव आवाजात एकवटला. "हा माणूस आमच्या मागे लागलाय. आम्हाला खाली पायथ्यापर्यंत सोबत करा."

हसू विरलं. "ताईंचा काहीतरी गैरसमज झालाय," तो मवाळपणे म्हणाला.

त्यांच्यातल्या एका जाडजूड, काठीवाल्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या खांद्यावर थरथरणाऱ्या कुत्र्याकडे. "आम्हीही खालीच निघालोय," ती म्हणाली. "चला गं सगळे."

बाकाजवळून जाताना त्याने हात लांब करून मुकादमाच्या कानामागे खाजवलं. कुत्र्याने सासऱ्यांच्या पाठीवरच मुतून दिलं.

"जपा हं," तो म्हणाला. तिला उद्देशून की कुत्र्याला, ते तिला समजलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी तक्रार नोंदवली. सासऱ्यांची कंबर जी धरली ती धरलीच. ते अंथरुणाला खिळले. मुकादम त्यांच्या पलंगाखाली जाऊन बसला आणि खाण्यापुरताच बाहेर येऊ लागला.

आठवडाभराने वनरक्षक घरी आला. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या टोकावर बसला. कुत्र्यांच्या झुंजी लावायचे तिथे, पैज लावून, असं त्याने सांगितलं. साखळ्या जप्त झाल्या, माणूस मात्र निसटला. फाट्यावरच्या लोकांना त्याने सांगितलेलं नाव खोटं निघालं. कुंपणामागे खड्डे सापडले होते.

"कुत्र्यांचे?" सासऱ्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"बहुतेक." वनरक्षकाने टोपी उलटसुलट केली. "पोलीस अजून खणतायत. एक खड्डा कुत्र्यासाठी जरा जास्तच लांबडा आहे."

तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला होता, तो तसाच राहिला. जाताना दारात तो थांबला. "तुमचा पत्ता त्याला माहीत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

दार लावून ती आत आली. सासरे पलंगाखाली हात सोडून कुत्र्याला थोपटत होते.

"मुलाला काही कळवू नकोस," ते म्हणाले. "तिकडे उगाच जिवाला घोर."

"नाही कळवत."

"आणि संध्याकाळी ह्याला खाली तू एकटीने नेऊ नकोस. मी उठतो."

त्यांना धड कुशीवर वळता येत नव्हतं. तरी ती "बरं" म्हणाली आणि खिडकीशी जाऊन, पडद्याच्या आडून, खालचा रस्ता बघत उभी राहिली.